अण्णांच्या कॅसेट्स आणि रात्री आठचं रामायण

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४८. घरात वडील (अण्णा, वय ७७), आई, बायको आणि दोन मुलं. धाकटा भाऊ पुण्यात, बहीण हैदराबादेत. गल्लीतला पहिला टीव्ही १९८७ साली यांच्याच घरी आला आणि रविवारी सकाळी रामायणाला पन्नासेक माणसं जमू लागली. पुढं अण्णांनी व्हीसीआर घेतला. टीव्हीवरून उतरवलेल्या मालिका आणि घरची लग्नं मिळून २६ कॅसेट्स झाल्या. गेल्या दिवाळीत १४ माणसं घरी जमली, तेव्हा यांनी मुद्दाम रात्री आठला सगळ्यांना बैठकीत बसवून रामायण लावलं. विसाव्या मिनिटाला मुलं मोबाइलमध्ये, भाऊ फोनवर बोलत अंगणात. तिसरा भाग लागला तेव्हा अण्णा न बोलता उठले आणि आत जाऊन झोपले. आता भाऊ म्हणतो, कॅसेट्स भंगारात घाला. यांच्या मनात मात्र व्हीसीआर दुरुस्त करून सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं, जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही माळवदावरच्या अँटेनासकट चालू करायचा आणि येत्या दिवाळीत ‘ते दिवस’ परत आणायचे असं आहे. विचारतात : एवढा खटाटोप करावा का? मुलांना या मालिका का आवडत नाहीत? घर पुन्हा एका जागी कसं बसवायचं? बायकोबद्दल पत्रात एकच ओळ आहे, ‘तिला यात फारसा रस नाही.’ आईबद्दल एकही नाही.

नमस्कार सर,

तुमचं पत्र वाचताना पेन्सिल एकाच ठिकाणी अडली. रात्री आठ.

दिवाळीचे दिवस, घरात १४ माणसं. आठ वाजता तुमच्या स्वयंपाकघरात काय चालू असेल? चौदा माणसांच्या भाकरी-पोळ्या, येसराची आमटी, एखादी भाजी, लहानांसाठी वेगळा वरण-भात, आणि दुपारची भांडी. म्हणजे तुम्ही रामायण लावलं तेव्हा घरातल्या किमान तीन-चार बायका ओट्यापाशी होत्या. तुमच्या मिसेसना रस नाही असं तुम्ही लिहिता. त्यांना वेळ नव्हता असं असू शकतं की नाही? आधी त्यांना हेच विचारा. विचारताना ‘तुला का आवडत नाही’ असं विचारू नका, ‘त्या दिवशी तुला बसता आलं असतं का’ एवढंच विचारा.

आता हाच हिशोब चाळीस वर्षं मागं न्या. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, वेळ रविवारी सकाळी साडेनऊ. ती वेळ बंबाला जाळ घालायची, पोरांच्या आंघोळीची, भाकरीची. पन्नास माणसं तुमच्या बैठकीत आणि ओसरीवर बसली होती. त्यांतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तरी चहा झाला असेलच. तो कोणी केला? तुमच्या आठवणीत टीव्हीला हार आहे, उदबत्ती आहे, समोर हात जोडलेली आजी आहे. आई त्या चित्रात कुठं बसल्या आहेत ते जरा आठवून बघा. माझा अंदाज असा, की आईंनी रामायण पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. भिंतीपलीकडून. बऱ्याच घरांत हेच होतं. आवाजावरून कोण बोलतंय ते ओळखता येणाऱ्या, पण तो नट दिसतो कसा हे धड सांगता न येणाऱ्या बायका त्या पिढीत पुष्कळ निघतील.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. ‘तेव्हा सगळं घर एकत्र बसायचं’ हे वाक्य तुमच्या चार पानांत सहा वेळा आलं आहे, आणि सगळी योजना त्याच वाक्यावर उभी आहे. म्हणून ते तपासायला हवं. अंगणातूनच कोण बघायचं आणि आत सतरंजीवर कोण बसायचं, हेही त्याच ओघात आठवून बघा. तुमचं गाव आपल्या बाकीच्या गावांपेक्षा फार निराळं असेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट, माणसं जमायची ती का. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चिमणराव-गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या घरांत पोचले, तेव्हा मराठवाड्यातल्या बहुतेक गावांनी टीव्ही डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. आपल्याकडे तो आला १९८४-८५ नंतर, जेव्हा देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. असं केंद्र बहुधा १०० वॅटचं, त्याचा टापू दहा-पंधरा किलोमीटर. त्यापलीकडच्या गावाला वीस-पंचवीस फुटी पाइप, त्यावर अँटेना, अँटेनाला बूस्टर. एक जण माळवदावर पाइप फिरवतोय, एक दारात उभा, एक टीव्हीसमोर, आणि ‘आलं का? गेलं! मुंग्या आल्या!’ असा तिघांचा आरडाओरडा. एवढं करून वाहिनी एक. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी, कारण तेव्हाचे १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल १२ व्होल्टवर चालायचे. गल्लीत टीव्ही एक, वाहिनी एक, भाग आठवड्यातून एक. माणसं मालिकेच्या प्रेमाखातर जमायची हे खरंच, पण त्यांना जायला दुसरी जागाही नव्हती. ही अडचण आज तुम्ही घरात उभी करू शकत नाही, आणि करूही नये.

उचलण्यासारखं त्यातलं एकच आहे : आठवड्यातून एक भाग. रविवारी संपलेल्या भागावर सोमवारी पाराखाली बोलणं व्हायचं, बुधवारी शाळेत धनुष्यबाण व्हायचे, शनिवारी ‘उद्या काय होईल’ असायचं. गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती, तरी असायचं. तुम्ही गेल्या दिवाळीत सलग तीन भाग लावायला निघालात. रामायणाचे मूळ भाग ७८, एकेक साधारण ३५ मिनिटांचा, म्हणजे ४५ तासांच्या वर ऐवज. महाभारताचे ९४ भाग, एकेक पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे ७० तास. ते दिवाळीच्या चार दिवसांत बसवायला निघालं की मालिका शिकवणीसारखी होते. अण्णा का उठून गेले, याचंही उत्तर इथंच असावं. तिसऱ्या भागाला सव्वानऊ वाजले असतील. ७७ वर्षांचा माणूस जेवायच्या वेळेला उपाशी बसून होता. रागावले असतील, पण भुकेलेही असतील.

मुलांचं म्हणाल तर त्यांना मालिका आवडली नाही असं अजून ठरलेलंच नाही. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं तेव्हा अनेक घरांत पोरांनी ते आवडीनं पाहिलं. दिवसाला सकाळी एक आणि रात्री एक असे भाग, ठरल्या वेळी. तुमच्याकडे त्यांनी पाहिलं ते बहुधा ताणलेलं चित्र. ही चूक बऱ्याच घरांत होते म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

जुन्या मालिका ४:३ मापाच्या, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा एलईडी १६:९, आडवा. टीव्ही स्वतःहून ते चित्र दोन्ही बाजूंना ओढून पडदा भरतो. राम बुटका दिसतो, लक्ष्मणाचा चेहरा भाकरीएवढा होतो. पोरं हसणारच. रिमोटवर पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो शोधा, ४:३ किंवा ओरिजिनल करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. ‘झूम’ मुळीच नको, त्यात मुकुट आणि पाय कापले जातात. त्याच मेनूत मोशन किंवा स्मूद नावाचं काहीतरी असतं, कंपनीगणिक नाव वेगळं, ते बंद करा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर जुन्या चित्रातली खरखर मुंग्यांसारखी वळवळते. शेवटचं आवाजाचं. चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली किंवा पाठीमागं तोंड करून असतात. भिंतीवर आपटून आलेले संवाद म्हाताऱ्या कानांना कळत नाहीत, मग आवाज वाढवला जातो, मग पार्श्वसंगीत अंगावर येतं. छोटा साउंडबार किंवा घरात पडून असलेला जुना डेक टीव्हीच्या खाली, पुढं तोंड करून ठेवा. अण्णांसाठी एवढा एक बदल व्हीसीआरच्या दुरुस्तीपेक्षा मोलाचा ठरेल.

आता कॅसेट्स. भावाचं ‘भंगारात घाला’ ऐकू नका, आणि तुमचं ‘सगळ्या उतरवायच्या’ही नको.

आधी यादी करा. रामायण, महाभारत, हम लोग, बुनियाद, मालगुडी डेज यांसारख्या मालिकांचे भाग तुमच्या कॅसेटवरच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ रूपात बाहेर मिळण्याची शक्यता आहे. प्रसार भारतीच्या अर्काइव्हजची यूट्यूब वाहिनी आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी वेव्ह्ज नावाचं ॲपही सुरू केलं. तिथं शोधा. मिळाली की त्या कॅसेटवर पेन्सिलीनं फुली. उरतात घरची लग्नं, बारशी, मुंबई केंद्राचे तुरळक कार्यक्रम, आणि मालिकेच्या अधेमधे आलेल्या जाहिराती, बातम्या, ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’च्या पाट्या. हा माल दुसरीकडे मिळणार नाही. जगभर त्या काळी टेप महाग म्हणून चित्रवाणी केंद्रं जुने कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरायची. त्यामुळं घरात उतरवलेल्या कॅसेटवर एखादी चीज सापडू शकते. माझा अंदाज, २६ मधल्या सात-आठ कॅसेट्स उतरवण्याजोग्या निघतील. एका ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास. सगळ्या २६ म्हणजे ७८ तास, आणि हे काम जेवढ्यास तेवढा वेळ खातं, लवकर उरकता येत नाही. आठ कॅसेट्सचे २४ तास. रोज संध्याकाळी एक केली तर आठवड्यात काम संपतं.

कॅसेट यंत्रात घालायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, बुरशी. झाकण उचलून आणि खिडकीतून चक्रीकडे उजेडात बघा. टेपच्या कडेला पिठासारखी पांढरी बुकणी दिसली तर ती कॅसेट पिशवीत बांधून बाजूला ठेवा. लावू नका. एक बुरशीवाली कॅसेट यंत्राचं हेड (टेपवरचं चित्र वाचणारा भाग) खराब करते आणि तिच्यामागून लावलेल्या सगळ्या चांगल्या कॅसेट्सना लागण करते. कोकणाच्या मानानं आपल्याकडे बुरशी कमी, हवा कोरडी. आपला शत्रू उष्मा आणि धूळ. तुमची पेटी माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत आहे असं लिहिलंय. मे महिन्यात तिथं बाहेरच्या बेचाळीस अंशांवर आणखी चढत असणार. आजच खाली आणा. उत्तरेकडच्या खोलीतलं कपाट, कॅसेट उभी, पुस्तकासारखी. वरून खाली आणल्यावर एक दिवस तशीच राहू द्या.

दुसरी, पट्टी. लेबल चिकटवतात त्या कडेला एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते. ती मोडलेली असेल तर कॅसेटवर नवं काही चढत नाही. शाबूत असेल तर मोडून टाका. मोडलेल्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेली असेल तर थांबा. कोणीतरी जुन्यावर नवं चढवलं आहे. लग्नाच्या कॅसेटवर महाभारत चढवणारी घरं थोडी नव्हती. सेलोटेप काढा आणि ही कॅसेट शेवटपर्यंत नीट तपासा. मालिका अडीच तासांत संपली असेल, तर शेवटच्या अर्ध्या तासात आत्याच्या लग्नाची पंगत अजून बसलेली असेल.

तिसरी, पीळ. लावायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पूर्ण मागं घ्या. वर्षानुवर्षं न हललेल्या टेपचे वेढे एकमेकांना धरून बसतात. तसंच थेट लावलं तर टेप अडते, यंत्रात सैल होते आणि गुंतते.

व्हीसीआर तीस वर्षं बंद असेल तर त्यातले रबरी पट्टे एकतर ताठ झाले असतील नाहीतर डांबरासारखे वितळले असतील. प्लग लावून ‘बघू तरी’ करायला जाल तर पहिल्याच कॅसेटचा फडशा पडेल. पट्टे, पिंच रोलर आणि आयडलर टायर हे तीन बदलून घ्या. शहरात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक अजून असतो, तो मापाचे पट्टे शोधून आणतो. नवं यंत्र विसरा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटला, तर आठ कॅसेट्स उतरवून देणाऱ्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे द्या. मात्र मूळ कॅसेट आपल्याला परत हवी आहे, हे त्याला लिहून द्या.

हेड साफ करताना कापसाची काडी नको. हेडची टोकं केसाएवढी बारीक असतात, कापसाचा तंतू अडकला की टोक तुटतं. साधा कोरा कागद घ्या, पोस्टकार्डापेक्षा पातळ. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा (९९ टक्क्यांचं, औषधाच्या दुकानातलं पाणीदार नको). कागद ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या गोल डबीला, नुसता टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग हळूहळू फिरवा. कागद वर-खाली घासायचा नाही. पंधरा मिनिटं वाळू द्या.

कॉम्प्युटरमध्ये घ्यायला यूएसबी कॅप्चरचा डबीएवढा तुकडा मिळतो. व्हीसीआरची पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. जुना व्हीसीआर मोनो असेल तर लाल पिन मोकळी राहील आणि आवाज फक्त डाव्या कानात येईल. सॉफ्टवेअरमध्ये मोनो निवडलं की दोन्हीकडे येतो. ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चार ठिकाणी लोक फसतात. एक, चित्राची प्रणाली एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहते आणि चित्र काळंपांढरं होऊन लोळायला लागतं. आपली पाल, ती निवडा, माप ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. दोन, माणूस चालला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. डीइंटरलेस चालू करा. तीन, टेप जिथं खराब आहे तिथं चित्र तुटलं की कॅप्चरचा तुकडा निळा पडदा दाखवतो आणि पुढं आवाज मागं पडत जातो. म्हणून पूर्ण तीन तासांची एक फाइल करू नका, एकेका तासाचे तुकडे करा. बिघाड त्या तासापुरताच राहतो. चार, पेनड्राइव्ह. ६ एमबीपीएसनं (सेकंदाला ६ मेगाबिट) घेतलं तर तासाला साधारण २.७ जीबी होतात. जुन्या पद्धतीच्या फॅट-३२ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि पुष्कळ टीव्ही तेवढंच वाचतात. एक-एक तासाचे तुकडे केले असतील तर हीही अडचण आपोआप मिटते. आठ कॅसेट्सना ६५ जीबी, म्हणजे १२८ चा पेनड्राइव्ह पुरतो. पण एकाच पेनड्राइव्हवर सगळं ठेवणं म्हणजे पुन्हा माळवदावरच ठेवणं. एक प्रत हैदराबादला बहिणीकडे, एक पुण्याला. ज्या भावाला भंगार वाटतं त्याच्याकडे तर नक्की. त्याचं स्वतःचं बारसं त्यात निघालं तर बोलणं बदलेल.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि अँटेना या बाबतीत मी तुम्हाला थांबवतो. माळवदावर पाइप उभा केलात तरी मुंग्याच दिसतील. दूरदर्शननं जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्यानं जवळजवळ सगळी बंद केली आहेत. फारच हौस असेल तर डीडी फ्री डिशचा डबा, त्याला पुढं आरएफ मॉड्युलेटर (डब्यातलं चित्र जुन्या टीव्हीच्या वाहिनीवर आणणारा), त्याच्या पुढं टीव्हीच्या मागच्या दोन स्क्रूंना चपटी वायर जोडायचा बालन, अशी माळ लावावी लागेल. (फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री त्यावर दिसतं, म्हणून घरच्या मोठ्या टीव्हीसाठी ती घ्यायला हरकत नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. लातूर-परभणीच्या टापूत छत्रीचं तोंड जवळजवळ नेमकं आग्नेयेला आणि नेम क्षितिजापासून ६० अंशांच्या आसपास वर. आग्नेयेला लिंबाचं झाड असेल तर जागा बदला.) तो जुना टीव्ही थेट प्लगला तर अजिबात लावू नका. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, फुटतात. शिवाय पिक्चर ट्यूबवर दहा हजार व्होल्टच्या वर दाब असतो, बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. मागचं झाकण मेकॅनिकनंच उघडायचं, आणि त्यानंही आधी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब भगभगून पेटला की आत शॉर्ट आहे. मला विचाराल तर शटरचा तो लाकडी डबा आहे तसा बैठकीत ठेवा, धूळ पुसा. अण्णांना तेवढं पुरेल. त्यांना बघायला नवा टीव्ही हवा, डोळे ७७ वर्षांचे आहेत.

तर दिवाळी. रामायण नकोच असं नाही, पण चार दिवसांच्या जमावाला तुटक भागांची मालिका बरी. श्रीयुत गंगाधर टिपरे (२००१) घ्या, अर्ध्या तासाच्या आतला भाग, आजोबा ते नातू तीन पिढ्या त्यात आहेत आणि भाग एकटा बघितला तरी पोट भरतं. त्यातले आबा म्हणजे दिलीप प्रभावळकर, हेच त्याच्याही साधारण पंचवीस वर्षं आधी चिमणराव होते. पोरांना हे बघण्याआधी सांगू नका, बघून झाल्यावर दोन्ही चित्रं शेजारी दाखवा. किंवा शंकर नाग यांची मालगुडी डेज, कर्नाटकातल्या आगुंब्याला चित्रित झालेली. बैठी कौलारू घरं, धुळीचा रस्ता, शाळेला दांडी मारणारं पोरगं. भाषा हिंदी, त्यामुळं हैदराबादच्या भाच्यांनाही सोपी. दिवसाला एकच भाग. वेळ सकाळी साडेदहा-अकरा, फराळ झाल्यावर. रात्री नको.

त्या सकाळचा नाष्टा तुम्ही आणि तुमच्या भावानं करायचा. अवघड काही सांगत नाही, सुशीला करा, म्हणजे फोडणीचे ओले मुरमुरे. चौदा माणसांना पाऊण ते एक किलो मुरमुरे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मुरमुरे दोन-दोन मूठ बुडवून लगेच पिळायचे. भिजत ठेवले तर लगदा होतो, नवशिक्याची पहिली चूक हीच. आधी फोडणी तयार ठेवा : वाटीभर तेल, मोहरी, जिरं, पाच-सहा कांदे, दहा-बारा हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद. कांदा मऊ झाला की पिळलेले मुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर आणि दीड वाटी डाळव्याची भरड. भरडीनं ओल शोषली जाते आणि सुशीला मोकळा होतो. दोन मिनिटं झाकण, वर कोथिंबीर, लिंबू. अर्ध्या तासात उरकतं. ताटल्याही तुम्हीच उचला. घरातल्या बायका भाग सुरू व्हायच्या आधी बैठकीत येऊन बसल्या आहेत एवढं बघा, मगच रिमोट दाबा.

मोबाइल गोळा करायचं टोपलं वगैरे प्रकार करू नका. वर्गातली शिस्त घरात आणली की पोरं शरीरानं बसतात. भाग वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, न आवडल्यास उठून जायची मुभा आहे, असं आधीच सांगा. अण्णांनाही सांगा, की कोणी उठलं तर मनाला लावून घेऊ नका.

दिवाळीनंतर खरी गंमत आहे. दर रविवारी सकाळी दहाला लातूर, पुणे, हैदराबाद, तिन्ही घरांत तोच भाग आपापल्या टीव्हीवर लावायचा. व्हिडिओ कॉलवर एकत्र बघायच्या भानगडीत पडू नका. आवाज मागं-पुढं होतो आणि सगळे ‘ऐकू येतंय का’ म्हणत राहतात. भाग संपला की साडेदहाला फोन, स्पीकरवर, पंधरा मिनिटं. पहिले तीन-चार रविवार बोलायला काही सुचणार नाही, चालू द्या. एखादा रविवार चुकला तर ‘मागचे भाग बघून घ्या’ असा गृहपाठ देऊ नका, पुढच्या भागापासून सुरू करा.

कुठली मालिका घ्यायची हे मी वर सांगितलं खरं, पण ते अण्णांनी किंवा तुम्ही ठरवू नका. आईंना विचारा, त्या वेळी आवाज ऐकून कुठला प्रसंग बघायचा राहून गेला. त्या एखादं नाव घेतील, कदाचित मालिका नसेलच, छायागीत असेल. तो भाग शोधा, पहिल्या सकाळी तोच लावा. त्यांची खुर्ची ४३ इंची टीव्हीपासून सहा-सात फुटांवर, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून. आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्यांचे डोळे तपासून आणा. तुमच्या पत्रात अण्णांच्या चष्म्याचा उल्लेख आहे, आईंच्या नाही.